पाया पाहणारी परीक्षा

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या संपतात, गावाकडून सामानाची पेटी भरून मुलगा किंवा मुलगी शहरातल्या वसतिगृहात पोहोचते. आणि पहिल्याच आठवड्यात सूचनाफलकावर कागद झळकतो की अमुक दिवशी प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांची गणिताची चाचणी घेतली जाईल. आमच्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी त्या दिवशी हमखास आम्हाला दूरध्वनी करतात. प्रश्न ठरलेला असतो : "सर, प्रवेश तर झाला आहे, मग ही परीक्षा कशाची? नापास झालो तर परत पाठवतील का?" स्मरणिकेच्या निमित्ताने गणित शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहावेसे वाटले. कारण हा प्रश्न फक्त मुलांचा नाही. कुंभार पिंपळगावच्या पंचक्रोशीतल्या अनेक घरांतून महाविद्यालयात जाणारी ही पहिली पिढी आहे, आणि पहिल्या आठवड्यातली भीती कधी कधी पहिल्या वर्षाचा निकाल ठरवते.

परत कोणी पाठवत नाही, हे प्रथम सांगून टाकतो. प्रवेश परीक्षा आणि ही चाचणी या दोन निराळ्या जातीच्या गोष्टी आहेत. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी दोन गुण, वेळ ९० मिनिटे. अकरावीच्या अभ्यासक्रमावर सुमारे २० टक्के भर आणि बारावीच्या अभ्यासक्रमावर ८० टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेव्हा प्रश्नपत्रिका न वाचता प्रत्येक ठिकाणी चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला, तरी संभाव्यतेच्या हिशेबाने ५० पैकी सरासरी साडेबारा उत्तरे बरोबर येतील, म्हणजे १०० पैकी २५ गुण. येत नसलेल्या प्रश्नालाही पर्याय निवडून या, असे आम्हीच वर्गात सांगतो, आणि त्या परीक्षेपुरते ते योग्यच आहे. शिवाय निकाल येतो तो पर्सेंटाइलमध्ये. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या दर शंभरांतले साधारण ऐंशी जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही रांगेत कुठे उभे आहात ते तो आकडा सांगतो. तुम्हाला अपूर्णांक येतात की नाही, हे तो सांगत नाही.

महाविद्यालयातली चाचणी नेमके तेच विचारते. रांगेशी तिला कर्तव्य नसते. कोणता धडा पक्का आहे, कोणता डळमळीत आहे, पहिल्या सत्राचे गणित थेट सुरू करावे की आधी काही तासांची पूर्वतयारी द्यावी, एवढे ठरवण्यासाठी ती असते. म्हणून तिथे अंदाजाने मारलेले उत्तर बरोबर आले, तर नुकसान उत्तर देणाऱ्याचेच होते. न येणारा धडा 'येतो' म्हणून नोंदला जातो आणि तो पुन्हा कोणी शिकवत नाही. सीईटीची सवय घेऊन आलेल्या मुलाला हे उमगायला वेळ लागतो.

आपल्या राज्यात अशी वर्गवारी काही ठिकाणी परीक्षा न घेताही होते, आणि पालकांना याची कल्पना नसते. बी. फार्मसीला गेलेल्या विद्यार्थ्यांचे उदाहरण घ्या. भारतीय औषधनिर्माण परिषदेच्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्रात दोन पूरक विषय आहेत : बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना पूरक गणित, आणि गणित घेतलेल्यांना पूरक जीवशास्त्र. पूरक गणिताला ३० तास दिलेले आहेत आणि त्या तीस तासांत लॉगॅरिदम, फल, सीमा, निश्चयक व सारणी, विकलन, संकलन, इथपासून लाप्लास रूपांतरापर्यंत सगळे बसवलेले आहे! दोन वर्षांचे गणित तीस तासांत कसे मावते, हे आम्हा गणित शिकवणाऱ्यांना कोडेच आहे. 'बायोला आहे, आता गणिताशी संबंध संपला' असे म्हणून दहावीनंतर वही मिटलेल्या मुलीला ते तीस तास फार जड जातात. कृषी पदवीच्या पहिल्या सत्रातही पूरक विषय म्हणून प्राथमिक गणित किंवा जीवशास्त्राची ओळख असू शकते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांनी हे आधीच लक्षात ठेवावे. अभियांत्रिकीच्या बाबतीत तर २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आपल्या पुस्तिकेत बारावीच्या १४ विषयांच्या यादीतील कोणतेही तीन घेतलेल्यांना प्रवेशास पात्र मानले आणि ज्यांचे गणित झालेले नाही त्यांच्यासाठी सेतू अभ्यासक्रम सुचवला. त्यावर देशभर वाद झाला. सेतू हवा हे खरेच, पण नदी किती रुंद आहे हे मोजल्याशिवाय सेतू बांधता येत नाही. आणि ते मोजमाप म्हणजेच ही चाचणी.

आता या चाचणीत मुले कुठे अडतात? पालकांचा समज असतो की बारावीचे संकलन, विकलन कच्चे असेल. आमचा अनुभव उलटा आहे. बारावीचे सूत्र पाठ असते. अडते ते सहावी ते नववीच्या मजकुरावर. संकलनाच्या उदाहरणात पहिल्या चार पायऱ्या बिनचूक येतात आणि पाचव्या पायरीला अपूर्णांकांची बेरीज चुकते. हे चार उदाहरणांनी दाखवलेले बरे.

१/२ + १/३ किती? अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ लिहिणारे विद्यार्थी महाविद्यालयातही भेटतात. त्यांना नियम पुन्हा सांगण्याआधी आम्ही एक प्रश्न विचारतो : अर्धी भाकरी खाल्ली, वर आणखी एक तृतीयांश खाल्ली, तर एकूण अर्धीपेक्षा जास्त झाली की कमी? जास्तच. पण २/५ म्हणजे ०.४, ते तर अर्ध्याहूनही कमी. उत्तर स्वतःच सांगते की मी चूक आहे. लसावि ६ घेऊन ३/६ + २/६ = ५/६ हे त्यानंतर आपोआप पटते. हीच बेरीज भौतिकशास्त्रात वेश बदलून येते. २ ओहम आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडले, तर एकूण रोधाचा व्यस्त १/२ + १/३ म्हणजे ५/६, आणि रोध ६/५ म्हणजे १.२ ओहम. सहावीचा अपूर्णांक कच्चा राहिला की अभियांत्रिकीची विद्युत प्रयोगशाळा कच्ची राहते.

दुसरी जागा कंसाबाहेरच्या ऋण चिन्हाची. ७ − (३ − क्ष) याला सरळ रूप द्या म्हटले की कित्येक जण ४ − क्ष लिहितात. बरोबर उत्तर ४ + क्ष आहे. कोणते खरे हे ठरवायला शिक्षकाची गरज नाही : क्ष च्या जागी २ ठेवा. मूळ पदावली ७ − १ म्हणजे ६. ४ + २ सुद्धा ६. पण ४ − २ होतात २. संख्या ठेवून पाहण्याची ही युक्ती आमच्या मते सगळ्या सूत्रांहून मोलाची आहे. वर्गमुळाखाली ९ + १६ असेल तर उत्तर ३ + ४ = ७ येत नाही; २५ चे वर्गमूळ ५ येते. म्हणजे बेरजेचे वर्गमूळ हे वर्गमुळांची बेरीज नसते. (क्ष + ६)/६ मधले दोन्ही ६ खोडून नुसता क्ष उरवणाऱ्याने क्ष = ६ ठेवून पाहावे : एकीकडे १२/६ म्हणजे २, दुसरीकडे ६. बेरजेतले पद खोडता येत नाही, अवयवच खोडता येतो. लॉगचेही तेच. लॉग १० म्हणजे १; तेव्हा लॉग १० + लॉग १० = २. पण लॉग २० हा १.३०१० आहे, हे लॉग टेबल हाताळलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. बेरजेचा लॉग आणि लॉगची बेरीज एक नव्हे. चार चुका वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांचे मूळ एकच : प्रत्येक क्रिया बेरजेच्या कंसात शिरून वाटली जाते हा समज. गुणाकार वाटला जातो, बाकीच्या क्रिया क्वचितच.

तिसरी जागा एककांची, आणि इथे शेतकऱ्याच्या मुलांनी खरे तर पुढे असायला हवे. २ एकर १५ गुंठे जमीन दशांशात कशी लिहाल? २.१५ असे लिहिणारे अनेक. पण एकराचे गुंठे ४०; म्हणून १५ गुंठे म्हणजे १५/४० = ०.३७५, आणि जमीन २.३७५ एकर. एकरी खताचा हिशेब करताना २.१५ धरले तर नऊ गुंठ्यांचे खत कमी पडते. दीड तास म्हणजे १.३० नव्हे, १.५, हीही त्याचीच बहीण. महाविद्यालयातला गणकयंत्राचा घोटाळा याच कुळातला आहे. बोर्डाच्या परीक्षेत गणकयंत्र वापरू देत नाहीत, त्यामुळे आपली मुले ते प्रथम महाविद्यालयात हातात घेतात. साइन ३० चे उत्तर ०.५ यायला हवे आणि पडद्यावर उणे ०.९८८ दिसते. यंत्र बिघडलेले नसते. ते अंशांऐवजी रेडियनवर ठेवलेले असते, म्हणजे त्याने ३० हे रेडियन समजून उत्तर दिलेले असते.

चौथी जागा शेकडेवारीची. मोसंबीचा भाव किलोला ५० रुपये होता, २० टक्क्यांनी उतरला, पुन्हा २० टक्क्यांनी चढला. भाव पूर्ववत झाला का? उतरून ४० झाला, ४० चे २० टक्के ८, म्हणून ४८. मूळ भावाला यायला २५ टक्के चढावे लागते. बाजारात बसणाऱ्या आजोबांना हे कळते, पण प्रश्नपत्रिकेत आले की नातू अडतो, कारण 'कशाचे टक्के' हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला नसतो.

इथवर गणिताच्या अडचणी झाल्या. आता अशी एक अडचण, जी गणिताची नसूनही गणिताच्या खाती मांडली जाते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला अकरावी विज्ञानचे गणित इंग्रजीतून येते, आणि महाविद्यालयातली चाचणीही बहुधा इंग्रजीतच. गणित येत असते, शब्द येत नसतो. आपल्याकडे त्रिकोणाच्या शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंतचा रेषाखंड म्हणजे मध्यगा, आणि सांख्यिकीतली मधली किंमत म्हणजे मध्यक. इंग्रजीत दोन्ही मीडियन. कोन मोजतो ते अंश, बहुपदीचा सर्वांत मोठा घातांक म्हणजे कोटी. इंग्रजीत दोन्ही डिग्री. आकृती असेल तर चौरस, संख्या असेल तर वर्ग. इंग्रजीत दोन्ही स्क्वेअर. आमच्या मते इथे मराठी परिभाषा इंग्रजीहून अधिक काटेकोर आहे, पण त्या काटेकोरपणाचाच आपल्या मुलाला त्रास होतो. 'या बहुपदीची डिग्री किती' असे वाचून तो कोन शोधू लागतो. सिम्प्लिफाय म्हणजे सरळ रूप द्या, इव्हॅल्युएट म्हणजे किंमत काढा, फॅक्टराइज म्हणजे अवयव पाडा, कोएफिशंट म्हणजे सहगुणक, सर्ड म्हणजे करणी : असे शे-दीडशे शब्द वहीच्या मागच्या पानावर दोन स्तंभांत लिहून काढले, तर चाचणीतले निम्मे भय ओसरते. बारावी झालेल्या विद्यार्थ्यांना आम्ही आता हे काम सुट्टीत देतो.

मराठवाड्याला ही भाषेची कसरत नवी नाही. निजामाच्या राजवटीत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठच उर्दू माध्यमाचे. १९४८ साली संस्थान मुक्त झाले, आणि १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. तिथे खेड्यांतून आलेल्या आपल्या आजोबांच्या पिढीला एका भाषेत शिकलेले गणित दुसऱ्या भाषेत ओळखावे लागले. तेव्हा शब्द अडला म्हणून मुलगा 'कच्चा' ठरवण्याची घाई निदान आपल्या समाजाने करू नये.

कच्चा ठरवण्याच्या या धोक्याबद्दल अमेरिकेतला अनुभव सांगण्याजोगा आहे. तिथे अशा चाचण्या फार जुन्या, आणि शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांना त्या द्याव्या लागण्याची शक्यता असते. अनेक विद्यापीठांत ॲलेक्स नावाची संगणकीय चाचणी वापरतात. तिच्यामागचे संशोधन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत झाले. जास्तीत जास्त ३० प्रश्न; पण ते सर्वांना सारखे नसतात. तुम्ही दिलेल्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरतो. बहुतेक ठिकाणी पर्याय नसतात, उत्तर स्वतः लिहावे लागते, आणि 'मला हे येत नाही' असे सांगण्याची सोय पडद्यावरच असते. ते बटण दाबायला आपल्या मुलांना अतिशय संकोच वाटतो, कारण बारा वर्षे कोरी जागा सोडू नका असेच आपण सांगत आलो. पण त्या बटणावरूनच यंत्र पुढे शिकवण्याचा पाठ निवडते. तो अभ्यासून पुन्हा चाचणी देता येते. घरबसल्या चाचणी देताना मोठ्या भावाला शेजारी बसवणाऱ्याला एक वर्ग वरचा मिळतो आणि तिथे पहिल्याच महिन्यात दमछाक होते.

त्याच देशात या चाचण्यांविरुद्ध मोठी तक्रारही उभी राहिली. एका दिवसाच्या गुणांवरून असंख्य विद्यार्थी पूरक वर्गांत टाकले जात. त्या वर्गांचे शुल्क भरावे लागे, पण त्यांचे श्रेयांक पदवीसाठी धरले जात नसत. एकामागून एक पूरक वर्ग करता करता अनेक जण मूळ अभ्यासक्रमापर्यंत पोहोचतच नसत, आणि त्यांत गरीब व वंचित समाजांतल्या मुलांचा भरणा जास्त असे. २०१७ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांना बंधन घातले की विद्यार्थ्याची शाळेतली कामगिरी आधी पाहावी आणि पूरक वर्गात सहजासहजी अडकवू नये. त्याच वर्षी तिथल्या राज्य विद्यापीठानेही आपली गणिताची वर्गवारी चाचणी बंद करण्याचा निर्णय घेतला. आम्हाला या निर्णयात तथ्य वाटते, पण पूर्ण समाधान वाटत नाही. चाचणी काढून टाकली म्हणून १/२ + १/३ येऊ लागत नाही. दोष मोजण्यात नव्हता, मोजल्यानंतर मुलाला बाजूला बसवण्यात होता. मूळ वर्गात बसवून बरोबरीने आधाराचे तास देणे, हाच मार्ग आम्हाला पसंत आहे. आणि आपल्या मुलाला महाविद्यालयाने पूरक तास लावले तर ते मूळ तासांसोबत आहेत की त्यांच्याऐवजी, हे पालकांनी निःसंकोच विचारावे.

तयारी कशी करावी, हेही विचारले जाते. बाजारातली जाडजूड पुस्तके विकत घेण्याचे कारण नाही. बालभारतीची सातवी ते दहावीची गणिताची पुस्तके पुरे आहेत; त्यांच्या पीडीएफ प्रती बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, मराठीही आणि इंग्रजीही. दोन्ही प्रती शेजारी ठेवून तोच सरावसंच दोन भाषांत वाचला, की वर सांगितलेली शब्दांची वही आपोआप तयार होते. क्रम मात्र खालून वर असावा : अपूर्णांक व दशांश, गुणोत्तर व प्रमाण, घातांक व करणी, बैजिक राशींचे अवयव, रेषीय व वर्गसमीकरणे, आलेख, आणि मग त्रिकोणमिती. प्रत्येक सरावसंचातली शेवटची तीन उदाहरणे न पाहता सोडवावीत; सुटली तर तो धडा सोडून पुढे जावे. तीन आठवड्यांत हे होते. सायंकाळच्या वंदनेनंतरचा दीड तास वसतिगृहात आम्ही ज्यासाठी राखतो, तेवढाच वेळ घरी राखला तरी चालेल.

आणि चाचणी झाल्यावर घरून फोन कराल तेव्हा 'किती गुण पडले' असे विचारू नका. 'कोणता धडा निघाला' असे विचारा. मुलगी म्हणाली 'करणी', तर तिला नववीचे गणित भाग १ उघडायला सांगा.

चाचणीला जाण्याआधी घरच्या घरी करून पाहण्यासारखे एक उदाहरण देतो. हे आम्ही दर वर्षी विचारतो. एक जण कुंभार पिंपळगावहून अंबडला ताशी ४० किलोमीटर वेगाने गेला आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किलोमीटर वेगाने परतला. त्याचा सरासरी वेग किती? पन्नास म्हणण्याआधी रस्ता १२० किलोमीटरचा आहे असे धरा. खरे अंतर तेवढे नाही, पण उत्तर अंतरावर अवलंबून नसल्याने हिशेबाला सोपे ते घ्यावे. जाताना तीन तास, येताना दोन तास. एकूण २४० किलोमीटर, पाच तास. सरासरी ताशी ४८. दोन किलोमीटर कुठे गेले, असे मुले विचारतात. तो माणूस कमी वेगाने जास्त वेळ चालत होता, हे त्यांना वहीवर तास मांडल्यावर दिसते.